बडा ख्याल, छोटी अपेक्षा

पुण्यात शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. तोटा आहे तो कार्यक्रमातल्या गाण्याला. दिवाळीच्या आसपास जे सुरू होतं ते होळीपर्यंत आटपत नाही. रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणी तरी षड्ज लावत असतं. कधी कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ, कधी कुणाच्या पंचाहत्तरीनिमित्त, कधी पुस्तकाच्या प्रकाशनाला जोडून. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात 'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' असं असतं. काही म्हणजे किती, ते आत गेल्यावर कळतं. पुढच्या आठ-नऊ रांगांच्या पाठींवर कागद चिकटवलेले असतात, आणि त्यांच्या मागे रुमाल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या आणि एखादी छत्री अशी मंडळी आधीच स्थानापन्न झालेली असतात. "इथे कोणी आहे का?" म्हणून विचारलं की छत्रीच्या शेजारून उत्तर येतं, "येतायत, पार्किंग शोधतायत." पुण्यात पार्किंग शोधायला गेलेला माणूस कधी उगवेल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. एका छत्रीने अख्खा मारुबिहाग ऐकलेला मी पाहिला आहे. मी जिन्यावर बसून ऐकला.

माझी अपेक्षा खरं तर माफक आहे. एक बडा ख्याल अथपासून इतिपर्यंत ऐकायचा. मधलं एकही आवर्तन न गाळता. ज्यांच्यावर या नादाला लागायची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बडा ख्याल म्हणजे संथ लयीत सावकाश केलेली रागाची मांडणी. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच, पण हल्ली लय इतकी संथ ठेवतात की एकेका मात्रेचे चार-चार भाग मोजावे लागतात आणि ठेका फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायला जवळजवळ मिनिट लागतं. सुरुवातीची काही आवर्तनं तर गायिका षड्जाच्या आसपासच घुटमळते. गंधार दाखवते, झाकते. पंचमाला हात लावून परत येते. वरचा षड्ज लागेपर्यंत वीसेक मिनिटं गेलेली असतात, आणि तो लागतो तेव्हा ज्यांनी ती वीस मिनिटं जीव लावून ऐकली असतील त्यांच्याच अंगावर काटा येतो. बाकीच्यांना नुसता वरचा सा ऐकू येतो. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई, मला हे आवर्ती ठेवीसारखं वाटतं. मधला हप्ता चुकला की शेवटी व्याज मिळत नाही. आणि माझा हप्ता हमखास चुकतो.

या मोहिमेवर माझ्याबरोबर सासूबाई असतात. किंवा त्यांच्याबरोबर मी असते. वय अठ्ठ्याहत्तर. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा विशारदपर्यंत दिलेल्या. पुढे सासर, मुलं, सणवार यांत गाणं गेलं ते गेलंच, पण कान शाबूत राहिला. म्हणजे डॉक्टरांच्या मते तोही गेलाय, यंत्र बसवून घ्या म्हणतात. घरात "आई, दूध उतू चाललंय" हे तीनदा ओरडावं लागतं हे खरं. पण कुणाचा निषाद केसभर उतरला तर तो त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळतो. आता कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज किती हळू असणार? सासूबाई माझ्या कानात जे सांगतात ते मागच्या तीन रांगांना मिळतं. पुढच्यांनाही. एकदा मंचावरच्या संवादिनीवाल्यांनाही मिळालं होतं, आणि त्यांनी खरोखरच भाता जरा आवरता घेतला.

मागच्या डिसेंबरात एका थोर गवयाच्या स्मृतिदिनाला आम्ही दोघी गेलो. पत्रिकेवर 'सायंकाळी ठीक ५.३० वाजता' असं छापलेलं, म्हणून पाचला पोचलो. पावणेसहाला पडदा उघडला. पांढरीशुभ्र बैठक, दोन तानपुरे निजवून ठेवलेले, तबल्यावर गवसणी, आणि या सगळ्यांच्या पुढे पाच खुर्च्या. खुर्च्या दिसल्या की मुरलेला श्रोता काय ते समजतो आणि पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढतो.

आधी दीपप्रज्वलन. पाहुणे पाच, मेणबत्ती एक, आणि एसीचा झोत नेमका समईवर. चौथ्या पाहुण्यांनी वात लावली की दुसऱ्यांची विझायची. मग दुसरे परत वाकायचे. फोटोग्राफरला कुणाचेच डोळे उघडे मिळेनात. शेवटी मागून एका कार्यकर्त्याने पुढे येऊन, मान्यवर नसतानाही, पाची वाती लावून टाकल्या. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक, त्यात संस्थेचा इतिहास, त्यात संस्थेला जागा कशी मिळाली आणि कशी गेली. मग प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, "कलाकार आणि तुमच्यामध्ये मी फार वेळ उभा राहणार नाही." हे वाक्य आलं की सासूबाई चष्मा काढून पर्समध्ये ठेवतात. गृहस्थ पंचवीस मिनिटं उभे होते. त्यातली पहिली पाच 'मला गाण्यातलं काही कळत नाही' हे सांगण्यात गेली आणि उरलेली ते सिद्ध करण्यात.

त्यानंतर सत्कार. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. गायिकाबाईंचा, तबलजींचा, संवादिनीवाल्यांचा, तानपुऱ्यावरच्या दोन मुलींचा, निवेदिकेचा, ध्वनिव्यवस्था बघणाऱ्यांचा, सभागृहाच्या व्यवस्थापकांचा, आणि नंतर ज्यांच्या हस्ते हे सगळे सत्कार झाले त्यांचा. तबलजींचे दोन्ही हात नारळ आणि फ्रेम यांत अडकलेले, आणि स्वर मिळवायची हातोडी कुणी तरी हारांच्या टोपलीखाली सारलेली.

बाई त्या दिवशी श्री मनात धरून आल्या होत्या, हे मला नंतर त्यांच्या शिष्येनं सांगितलं. श्री, मारवा, पूरिया हे संधिप्रकाशाचे राग. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि तो ना धड उजेड ना धड अंधार असा वेळ काही तासन्‌तास टिकत नाही. आमचा सूर्य स्वागतगीतात कलला, प्रास्ताविकात बुडाला, आणि पाहुण्यांच्या भाषणात मिट्ट काळोख झाला. सव्वासातला बाई बैठकीवर आल्या तेव्हा श्रीची वेळ टळून गेलेली होती.

"दिवेलागणीचा राग होता," सासूबाई म्हणाल्या, "समईनं खाल्ला."

मागच्या तीन रांगा हसल्या.

आता गाणं सुरू होणार, असं वाटतं. पण तानपुरे लागायचे असतात. या भागाचा मला कंटाळा येत नाही, उलट कधी कधी पुढच्या गाण्यापेक्षा हाच जास्त आवडतो. डावीकडची मुलगी असेल वीस-बावीसची. तिने आधी खुंट्या पिळून तारा जागेवर आणल्या, मग खालचा मणी नखाने अर्धा दाणा पुढे सरकवला, आणि मग घोडीवर तारेखालचा तो जवारीचा दोरा चिमटीत धरून इतका हळू ओढला की तो हलला हे डोळ्यांना दिसलंच नाही. फक्त ऐकू आलं. आतापर्यंत नुसती वाजणारी तार एकदम बोलायला लागली आणि खर्जातून गंधार स्वच्छ वर आला. बाईंनी न बघताच मान हलवली. हे तानपुरे बहुतेक मिरजेचे. पंढरपूरकडचे भोपळे तिथल्या सतारमेकर गल्लीत जातात आणि वाद्य होऊन बाहेर पडतात; २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढा सगळा खटाटोप करून सभागृहात शुद्ध काळी चारची आस भरली, आणि त्याच क्षणी माइकवाला वाकत वाकत मंचावर आला आणि म्हणाला, "चेक. चेक. हॅलो."

मग ते हातवारे. बाईंनी तर्जनी वर केली, म्हणजे माझा आवाज वाढवा. तबलजींनी तळवा खाली दाबला, म्हणजे घुमारा कमी करा. शेजारचे काका भारावून म्हणाले, "बघा, किती विनम्र कलाकार आहेत, गाण्याआधीच नमस्कार!"

शुद्ध कल्याण सुरू झाला. आणि माझ्या मागे महायुद्ध पेटलं. "भूप," एक आवाज. "छे, शुद्ध कल्याण," दुसरा आवाज. आता यात गंमत अशी की शुद्ध कल्याणाचा आरोह भूपासारखाच. निषाद आणि तीव्र मध्यम येतात ते उतरताना, तेही मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, लाजत-काजत. म्हणजे बाई खाली येईपर्यंत वाद मिटणार नव्हता, आणि बाई तर आत्ता कुठे वर निघाल्या होत्या. मधल्या वेळात पहिल्या गृहस्थांनी स्वतःच्या कॉलेजातली आठवण सांगितली. त्यांच्या शेजारचे तिसरे गृहस्थ निःपक्षपाती. ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर ताल धरत होते. त्यांची सम तबलजींच्या आधी अर्धी मात्रा यायची. दर आवर्तनाला ते समेवर पोचून "वाह!" म्हणायचे आणि मग तबलजी मागाहून यायचे. थोड्या वेळाने ते चुकचुकायला लागले. तबलजी आज तयारीत नव्हते म्हणून.

सोळाव्या-सतराव्या मिनिटाला बाई धैवतावर थांबल्या. आता वरचा सा येणार हे साऱ्या सभागृहाला कळलं होतं. माझे सगळे हप्ते भरलेले होते. आणि फोन वाजला. तानपुरा काळी चारात, फोन काळी चार आणि पांढरी सहाच्या मधल्या कुठल्या तरी बेवारशी पट्टीत. फोन कुणाचा वाजतोय हे ओळखायची एक पद्धत आहे. जो सगळ्यांत जास्त रागाने इकडे-तिकडे बघत असतो, त्याचा. मग तो स्वतःच्या खिशाकडे संशयाने बघतो. मग चष्मा शोधतो. इथवर ठीक, पण या गृहस्थांनी फोन घेतला. तळहाताचा आडोसा करून म्हणाले, "कार्यक्रमात आहे. कार्यक्रमात... गाण्याच्या. नाही नाही, सुरू कुठलं, अजून नुसता आलापच चाललाय."

"आलाप नाही हो," सासूबाई खड्या आवाजात म्हणाल्या, "ख्याल आहे. वीस मिनिटं झाली."

त्या गृहस्थांनी फोनवर दुरुस्ती केली. "ख्याल आहे म्हणतायत. हो. जेवून घ्या तुम्ही."

षड्ज या संभाषणाच्या खाली केव्हा तरी लागून गेला. मी परत बाईंना शोधायला लागले तोवर विंगेतून संयोजकांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली होती. साडेनऊला त्याच रंगमंचावर नाटक होतं. मागच्या दारी टेम्पोतून सोफा, खिडकी आणि एक अर्धवट जिना उतरवून ठेवलेला मी येतानाच पाहिला होता. बाईंनी अंतऱ्याला नुसता नमस्कार केला, दोन ताना घेतल्या आणि द्रुतात, म्हणजे जलद लयीच्या छोट्या ख्यालात, शिरल्या. त्याआधी दहा मिनिटांचं मध्यंतर झालं नाही म्हणून वडेवाला दारात उभा राहून खिन्नपणे आत बघत होता. त्याचंही नुकसानच की.

लोक म्हणतात, कमी वेळात गाता आलं पाहिजे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, आणि तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब राग उभा करायचे, हा दाखला मला दर वेळी ऐकवला जातो. मला तो मान्य आहे. पण तबकडीवर आधी अध्यक्षांचं भाषण नसायचं.

दिवाळी पहाटेबद्दल फार लिहीत नाही. तिथे बडा ख्याल ऐकायला जाणं म्हणजे आपलीच चूक. पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान, पैठणी, पैठणीवर शोभणारा स्वेटर जगात कुणी विणलेला नाही म्हणून थंडीत कुडकुडणं, आणि साडेपाचला मैदानावर. फक्त एक आशा असते. पूर्वी रात्र-रात्र मैफली चालायच्या तेव्हा उजाडायच्या आधीचा ललत त्याच्या वेळेला ऐकायला मिळायचा. आता ती वेळ वर्षातून फक्त दिवाळीत गाठता येते. यंदा गायकानं खरंच ललत लावला. दोन मध्यम लागोपाठ ऐकून सासूबाईंनी माझा हात धरला. आठ मिनिटांनी निवेदक उठला आणि म्हणाला, "किती प्रसन्न वाटतंय ना? यावरून एक किस्सा आठवला." पुढे नाट्यगीत, भावगीत, प्रायोजकांच्या नव्या गृहप्रकल्पाची चित्रफीत, आणि सव्वासातला भैरवी. फराळाच्या पुड्यातली चकली मात्र खुसखुशीत होती. ललत तेवढा वेळ टिकला असता तर!

मग राहता राहिला सवाई. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. वर्षानुवर्षं रमणबागेत भरायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला भरतो. इथे मात्र न्यायाने बोललं पाहिजे. इथे कलाकाराला तास-तास मिळतो, भाषणं आटोपशीर असतात आणि हजारो माणसं एकाच वेळी गप्प बसू शकतात हे इथेच बघायला मिळतं. म्हणजे बडा ख्याल पुरा ऐकायचा तर सवाईलाच.

सासूबाईंच्या आठवणी अर्थातच रात्रीच्या. तेव्हा संध्याकाळी सतरंजी, घोंगडी, थर्मास आणि तान्हं मूल घेऊन जायचं ते सकाळी उन्हं आल्यावर उठायचं. ते तान्हं मूल म्हणजे आमचे हे. ते आजही चारचौघांत सांगतात, "मी मोठमोठ्यांना प्रत्यक्ष ऐकलंय, समोर बसून." बसून नव्हे. दुपट्यात. आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे द्रुत सुरू झालं की रडायचे.

आता रात्र नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या पंधरा दिवसांवर गणपतीपासून सगळ्यांचा डोळा असतो. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गल्लीत डीजे लागतो तेव्हा पोलिसांना पहिला फोन माझाच असतो. पण डीजे आणि दरबारी एकाच कलमाखाली आले. मध्यरात्रीचा दरबारी आता लोक जेवणाआधी ऐकतात. मालकंस साडेआठला उरकावा लागतो. आणि सकाळची भैरवी पावणेदहाला, तिच्यापाठोपाठ रिक्षा मिळवायला धावणाऱ्यांच्या पायांचा आवाज. हे धावणारेही मोठे दर्दी असतात. समेला "क्या बात है" म्हणतात, पण तोंड दरवाजाकडे असतं.

तर सवाईला आम्ही भारतीय बैठकीतच बसलो, कारण खुर्चीवर बसून गाणं ऐकणं सासूबाईंना पंगतीत टेबल मांडण्याइतकंच अमान्य आहे. गुडघ्यांचं मत वेगळं पडलं. दुपारचं सत्र, मुलतानी, झुमरा. चौदा मात्रांचा हा ठेका विलंबितात इतका सावकाश चालतो की समेची वाट बघताना माणसाचा स्वभाव कळतो. आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं. फोन वाजत नव्हता. पुढच्या कुटुंबाने डबा उघडला होता, पण तोही बिनआवाजाचा, प्लॅस्टिकचा. गायक कोमल रिषभ नुसता स्पर्शून खाली यायचा आणि दर वेळी वाटायचं, आता राहील त्यावर, पण राहायचा नाही. पंधरा मिनिटं, अठरा मिनिटं. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "मला उठव."

"आई, आत्ता?"

"डावा पाय आहे की गेला ते कळत नाहीये."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला भरगच्च बैठकीच्या मधोमध उभं करणं हा स्वतंत्र ख्याल आहे आणि त्याला स्थायी, अंतरा दोन्ही असतात. एका खांद्याचा आधार, दुसऱ्या खांद्याची माफी, कुणाच्या तरी डब्यात पदर, आणि चारही बाजूंनी "श्शू". लहान मुलालाही इतक्या प्रेमाने कुणी गप्प करत नसेल. बाहेर येऊन पाय झटकला, चहा घेतला, एक भजी प्लेट घेतली. मांडवातून मुलतानी ऐकू येत होता. "बाहेरून चांगला ऐकू येतो," सासूबाई म्हणाल्या, आणि तिथेच झाडाखाली उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुणा ओळखीच्या बाई भेटल्या. त्यांच्या सुनेचं बाळंतपण गाण्यापेक्षा मोठ्या पट्टीत होतं.

मध्ये एकदा भाचीने तिच्या आवडत्या गायकाच्या जलशाला नेलं होतं. मनगटाला कागदी पट्टी बांधतात, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि चार हजार रुपये देऊन साडेतीन तास उभं राहायचं. त्या तरुण पोरांबद्दल मला आदरच वाटला. तिथे माझ्या शेजारच्या मुलाचा फोन वाजला असेल, तर तो त्यालाही ऐकू आला नाही.

कधी कधी मनात येतं, केसरबाई केरकरांनी बरोबर केलं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. गाताना श्रोत्यांनी कसं बसावं याबद्दल त्यांचा धाक मोठा होता म्हणतात. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्यातलं एक यान २०१२ सालीच सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. तिथे कुणी खुर्ची अडवत नाही, रिक्षा पकडायला पळत नाही, आणि रेंजही नाही.

शेवटी मला कुणी तरी सुचवलं, घरगुती बैठकीला जा. माइक नाही, समई नाही, सत्कार नाही. गेल्या महिन्यात तशी संधी आली. सहकारनगरात एका रसिक जोडप्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सोफे आतल्या खोलीत लोटलेले, हॉलमध्ये गादी आणि तीस-चाळीस माणसं. दारातच एका परडीत सगळ्यांनी फोन बंद करून ठेवायचे. सासूबाईंसाठी भिंतीला टेकून पाट आणि गुडघ्याखाली उशी; मी हे आधी फोन करून ठरवलं होतं. एसी नव्हता, खिडक्या उघड्या होत्या. यजमान दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला भरूनच आलं.

गायिकाबाई तरुण, चाळिशीतल्या. रात्रीचे आठ-सव्वाआठ. बागेश्री. माइक नसला की आवाजाला किती अंगं असतात ते कळतं. खालचा धैवत छातीतून येतो तो वेगळा कळतो, मध्यमावर थांबताना त्या डोळे मिटायच्या ते ऐकूसुद्धा यायचं. कुणी ताल धरत नव्हतं. कुणी राग ओळखत नव्हतं, सगळ्यांना माहीतच होता. आवर्तनामागून आवर्तन गेलं. बाई कोमल निषादापर्यंत चढल्या, परत आल्या. पुन्हा चढल्या. तबलजी ठेक्यात एकही जादा बोल घालत नव्हते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा डावा पाय शाबूत होता. बाईंनी निषादावरून वर पाहिलं, दम घेतला, मुखडा उचलला, तार षड्जाची सम एका श्वासावर आली,

आणि शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

बरोबर समेवर. तबलजींच्या डग्ग्यासकट. पट्टीसुद्धा फार वाईट नव्हती. चाळीस माणसं आधी दचकली, मग एका सुरात "क्या बात है!" म्हणाली, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाईंनीही हात जोडले, पदराने डोळे पुसले आणि लय पुन्हा पकडायला मान वर केली.

"थांब, बाळ," सासूबाई कुजबुजल्या. अख्ख्या खोलीला, आणि बहुधा शेजारच्या स्वयंपाकघरालाही ऐकू गेलं. "अजून दोन होतील. डाळीचा आहे."

बाईंनी तबलजींकडे पाहिलं. तबलजींनी खिडकीकडे पाहिलं.

"मग आजी," बाई म्हणाल्या, "द्रुतच घेते."